बँकेतून मोठी रोकड काढताना या चुका टाळा

"दोन लाखांच्या वर बँक रोख देतच नाही." "दहा लाख काढले की इन्कम टॅक्सची नोटीस आलीच म्हणून समजा." "नव्वद-नव्वद हजार करून काढा, कुणाला कळत नाही." मोठी रक्कम काढायची वेळ आली की असे सल्ले चहूबाजूंनी येतात. त्यातले काही नुसते चुकीचे असतात, तर काही माणसाला विनाकारण अडचणीत आणतात.

दोन लाखांचा आकडा जवळपास प्रत्येकाच्या तोंडी असतो, म्हणून त्यापासून सुरुवात करू. तो आला आयकर कायद्याच्या कलम २६९एसटीमधून. १ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या या कलमानुसार एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारापोटी किंवा एकाच प्रसंगासाठी दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. पण बँक, सहकारी बँक आणि पोस्टाच्या बचत खात्यातून पैसे काढण्याला ही बंदी लागू नाही. सरकारने त्याच एप्रिलमध्ये अधिसूचना काढून ते स्पष्ट केलं आहे. बचत खात्यात तुमचे स्वतःचे, करपात्र असतील तर कर भरलेले पैसे असतील, तर ते कितीही काढा, आयकर कायदा हात धरत नाही. काही ठिकाणी नोंद होते, काही ठिकाणी कर कापला जातो, काही ठिकाणी प्रश्न विचारले जातात. या तिन्हींना घाबरून लोक लपवाछपवी करायला जातात, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. जे लपवायची गरजच नव्हती ते लपवलं, की साधा व्यवहार संशयास्पद दिसू लागतो.

न सांगता शाखेत जाऊन उभं राहणं

खात्यात पंधरा लाख दिसतात म्हणजे शाखेच्या तिजोरीत ते तयार असतील असं नाही. प्रत्येक शाखेला रोख बाळगण्याची मर्यादा ठरवून दिलेली असते. त्याहून जास्त रोकड साठली की ती करन्सी चेस्टकडे, म्हणजे नोटा साठवणाऱ्या मोठ्या तिजोरीकडे, किंवा मुख्य शाखेकडे पाठवावी लागते आणि कमी पडली की तिथून मागवावी लागते. दुपारी दीड वाजता कुणी अचानक बारा लाखांचा चेक पुढे केला तर "आज होणार नाही, उद्या या" असं उत्तर येऊ शकतं. तो उर्मटपणा नसतो. छोट्या गावातल्या शाखेत तर ही अडचण नेहमीची आहे.

एक-दोन कामकाजाचे दिवस आधी स्वतः जाऊन मॅनेजरला किंवा कॅश सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला सांगून ठेवा. नुसती रक्कम सांगू नका, कोणत्या नोटा हव्यात तेही सांगा. पाचशेच्या नोटांत दहा लाख म्हणजे दोन हजार नोटा, शंभर-शंभर नोटांच्या वीस गड्ड्या. हीच रक्कम शंभराच्या नोटांत मागितली तर शंभर गड्ड्या होतात आणि तेवढ्या शाखेत असण्याची शक्यता फार कमी. मजुरी वाटायची असेल, सुट्टे लागणार असतील, तर थोड्या गड्ड्या लहान नोटांच्या आणि बाकी पाचशेच्या असं ठरवून घ्या. दोन हजारांच्या नोटा रिझर्व्ह बँकेने मे २०२३ मध्ये चलनातून मागे घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे आता सगळा भार पाचशेवरच आहे.

जाताना सकाळी जा. काही कमी पडलं, सही जुळली नाही, सिस्टिम बंद पडली, तर निस्तरायला दिवस हातात राहतो. सलग सुट्ट्यांनंतरचा पहिला दिवस आणि महिन्याचा पहिला आठवडा शक्यतो टाळा. आणि खातं ज्या शाखेत आहे तिथेच जा. दुसऱ्या शाखेतून रोख काढायला बहुतेक बँकांनी आपापल्या मर्यादा घातलेल्या आहेत, आणि त्या ओलांडायला मूळ शाखेला फोनाफोनी करावी लागते.

खात्याची तब्येत न बघणं

इथे फार वेळ घालवण्यासारखं काही नाही, पण काम अडतं ते याच बारीकसारीक गोष्टींनी. दोन वर्षांहून अधिक काळ तुम्ही स्वतः काही व्यवहार केला नसेल तर खातं निष्क्रिय झालेलं असतं. केवायसी थकलेली असेल तर व्यवहारावर निर्बंध आलेले असू शकतात. परवा भरलेला चेक अजून वटला नसेल तर शिल्लक दिसते पण काढता येत नाही. मुदत ठेव मोडून पैसे घ्यायचे असतील तर ती आधी मोडून बचत खात्यात जमा करून घ्या, आणि मुदतीआधी मोडल्यामुळे व्याज किती कमी होतं तेही विचारा. संयुक्त खात्यात "दोघांपैकी कुणीही" अशी सूचना आहे की दोघांच्याही सह्या लागतात, हे पासबुकावर बघा. सही काळाच्या ओघात बदलते. वीस वर्षांपूर्वीची सही बँकेकडे असेल तर आधी नवी नोंदवून घ्या.

पॅन आणि आधार बरोबर असू द्या. एका आर्थिक वर्षात वीस लाख किंवा त्याहून जास्त रोख काढायला पॅन किंवा आधार देण्याची सक्ती मे २०२२ मध्येच आली.

तुकडे करून काढणं

ही सगळ्यात जास्त पसरलेली आणि सगळ्यात निरर्थक युक्ती आहे. आज साडेनऊ लाख, चार दिवसांनी साडेनऊ लाख, मग पुन्हा तेवढेच. दहा लाखांच्या आत राहिलं की नोंद होत नाही, असा यामागचा समज.

नियम काय आहे ते पाहा. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२ च्या नियमांनुसार बँका दहा लाखांपेक्षा जास्त रकमेच्या रोख व्यवहारांची माहिती दर महिन्याला एफआययू म्हणजे वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे पाठवतात. पण नियम तिथे थांबत नाही. एकमेकांशी जोडलेले छोटे छोटे व्यवहार एका महिन्यात मिळून दहा लाखांच्या वर गेले तर तेही याच अहवालात येतात. म्हणजे तुकडे केले तरी बेरीज होतेच.

शिवाय दुसरा, वेगळा अहवाल असतो तो संशयास्पद व्यवहारांचा. त्याला रकमेची अटच नाही. मर्यादेच्या जेमतेम खाली राहणारे, ठरावीक अंतराने केलेले व्यवहार हे संशयाचं पहिलं लक्षण मानलं जातं आणि बँकेची संगणक प्रणाली ते आपोआप टिपते. असा अहवाल गेला तर बँक तुम्हाला ते सांगतही नाही, कारण सांगण्याला कायद्याने मनाई आहे.

दहा लाखांच्या वरचा सरळ व्यवहार मात्र फक्त एक नोंद असते. ती आरोप नव्हे. आपल्या घराच्या बांधकामासाठी कुणी चौदा लाख एकाच वेळी काढले, पावती ठेवली आणि खर्चाची बिलं जपली, तर त्या माणसाला घाबरायचं काही कारण नाही. त्याच माणसाने तीच रक्कम बायकोच्या, भावाच्या आणि स्वतःच्या खात्यांतून थोडी थोडी फिरवून काढली, तर चौकशी झाल्यावर उत्तर देणं अवघड होतं, कारण तेव्हा प्रश्न पैशाचा राहत नाही, हेतूचा होतो. एकदम लागणार असतील तर एकदमच काढा. खरोखर टप्प्याटप्प्याने लागणार असतील तर टप्प्याटप्प्याने काढा. गरजेप्रमाणे काढलेले हप्ते आणि मर्यादा चुकवायला केलेले तुकडे यांतला फरक खर्चाच्या कागदांवरून कळतो.

टीडीएसचा हिशेब आधी न करणं

चालू खाते असलेले व्यापारी, कंत्राटदार आणि मोठ्या प्रमाणावर मजुरी वाटणारे लोक इथे अडकतात. १ सप्टेंबर २०१९ पासून आयकर कायद्यात कलम १९४एन आलं. एका आर्थिक वर्षात एका बँकेतून एक कोटीपेक्षा जास्त रोख काढली, तर वरच्या रकमेवर बँक २ टक्के कर कापून घेते. हाच टीडीएस. सहकारी संस्थांसाठी ही मर्यादा १ एप्रिल २०२३ पासून तीन कोटी झाली.

यात तीन गोष्टी लोक चुकवतात. पहिली, मर्यादा शाखेची किंवा खात्याची नाही, बँकेची आहे. एकाच बँकेत तुमची तीन खाती तीन शाखांत असली तरी पॅन एक असल्यामुळे त्यांची बेरीज होते. दुसरी, कर पूर्ण रकमेवर नव्हे, मर्यादेच्या वरच्या भागावर असतो. वर्षभरात एक कोटी वीस लाख काढले तर वीस लाखांवर २ टक्के, म्हणजे ४० हजार. तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट अशी की हा दंड नाही. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते, आयकर खात्याच्या वार्षिक करपत्रकात दिसते आणि विवरणपत्र भरताना एकूण करात वळती करता येते. कर त्याहून कमी निघाला तर परतावा मिळतो. विवरणपत्रच न भरणारे लोक हे पैसे सोडून देतात आणि वर बँकेला दोष देतात.

विवरणपत्र न भरणाऱ्यांसाठी १ जुलै २०२० पासून नियम आणखी कडक केला गेला. आधीच्या तीन वर्षांची विवरणपत्रं भरलेली नसतील तर वीस लाखांच्या वर २ टक्के आणि एक कोटीच्या वर ५ टक्के असा दर ठरला. उत्पन्न करपात्र नाही म्हणून विवरणपत्र न भरलेला एखादा निवृत्त माणूस जमीन विकून आलेले पैसे रोखीने काढायला गेला आणि अनपेक्षितपणे कर कापला गेला, असं होऊ शकत होतं ते यामुळे.

इथे एक सावधगिरीची सूचना. या लेखातले कलमांचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत, कारण अजून लोकांच्या बोलण्यात तेच आहेत. १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या तक्त्यावरून हिशेब करू नका. मोठी रक्कम काढण्याआधी चालू वर्षात किती काढले गेले आहेत आणि या वेळी किती कापले जातील, हे बँकेलाच विचारा. तो आकडा बँकेच्या सिस्टिममध्ये समोरच असतो. कापली जाणारी रक्कम धरून खात्यात शिल्लक ठेवा, नाहीतर चेक त्या थोडक्या रकमेसाठी अडतो.

"कशाला हवेत?" या प्रश्नाचा राग येणं

या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

काउंटरवर बसलेला माणूस विचारतो, "एवढी रक्कम कशासाठी?" बऱ्याच जणांचा पारा चढतो. माझे पैसे, मी काय वाटेल ते करीन. भावना समजण्यासारखी आहे आणि पैसे तुमचेच आहेत हेही खरं. पण या प्रश्नाने आज किती घरं वाचतात याचा विचार करा.

गेल्या काही वर्षांत "डिजिटल अरेस्ट"च्या नावाखाली लोकांना, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना, लुबाडलं जातंय. फोन येतो. समोरचा स्वतःला पोलीस, सीबीआय किंवा ईडीचा अधिकारी म्हणवतो. तुमच्या नावाने पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर काळ्या पैशाचं खातं निघालं, असं सांगतो. व्हिडिओ कॉलवर गणवेश, मागे कार्यालय, खोटं वॉरंट. मग तासन्‌तास कॉल चालू ठेवून ठेवी मोडायला, पैसे पाठवायला किंवा काढून आणायला लावतात. आणि यात एक सूचना हटकून असते: बँकेत कुणी विचारलं तर घराच्या कामासाठी हवेत म्हणून सांगा, घरात कुणाला बोलू नका, कॉल कट करू नका.

म्हणजे बँकेतल्या त्या एका प्रश्नाला चोर घाबरतो. तो प्रश्न आपल्या बाजूचा आहे.

भारतातल्या कुठल्याही कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी "मन की बात"मध्येही हे सांगितलं. कुठलीही तपास यंत्रणा पडताळणीसाठी तुमचे पैसे मागत नाही, "सुरक्षित खात्यात" हलवायला सांगत नाही. तुम्हाला कुणी फोनवरून बँकेत खोटं कारण सांगायला शिकवत असेल, तर पुढचं काहीही ऐकून घेण्याची गरज नाही. कॉल तोडा, मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन जे घडतंय ते सांगा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त.

घरातल्यांनीही यात लक्ष घातलं पाहिजे. आई-बाबा अचानक ठेवी मोडतायत, फोन घेऊन खोलीत बंद होतायत, विचारलं तर तुटक उत्तर देतायत, अशा वेळी रागावू नका. शेजारी बसा. भीतीत असलेल्या माणसाला उलटतपासणी नको असते, कुणीतरी फोन हातातून काढून घेणारं हवं असतं.

आणि तुमचं काम सरळ असेल, तर खरं कारण एका वाक्यात सांगा. घराचं काम, दवाखाना, लेकीचं लग्न, मजुरी. शाखेत पुरावा मागितला तर कोटेशन किंवा अंदाजपत्रक दाखवा. खोटं कारण मात्र कधीच सांगू नका. उद्या काही प्रश्न निघाला तर बँकेच्या नोंदीतलं कारण आणि प्रत्यक्ष खर्च यांचा मेळ बसत नाही, आणि खऱ्या व्यवहाराला उगाच खोट्याची बाजू येते.

सेल्फचा चेक दुसऱ्याच्या हाती

"सेल्फ" लिहून, सही करून, मागेही सही करून चेक ड्रायव्हरच्या, नोकराच्या किंवा ओळखीच्या पोराच्या हाती दिला जातो. असा चेक ज्याच्या हातात, त्याला बँक पैसे देऊ शकते. वाटेत हरवला आणि कुणी वटवला, तर नियमाप्रमाणे पैसे दिलेल्या बँकेकडे दाद मागणं अवघड होतं. मोठ्या रकमेचा सेल्फचा चेक घरून सही करून नेऊच नका. काउंटरवर पोचल्यावर सही करा. चेकबुकातला कोरा चेक सही करून ठेवण्याची सवय असेल तर आजच मोडा.

माणूस आजारी असेल, सही करता येत नसेल, तर नातेवाईक सही "जमवण्याचा" प्रयत्न करतात. तो गुन्हा आहे, आणि त्याची गरजही नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार सही करू न शकणाऱ्या आजारी किंवा वृद्ध खातेदाराचा अंगठा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी तो ओळखावा लागतो आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. शाखेत जाऊन हे सांगा, अधिकारी दवाखान्यात येऊ शकतात.

खातेदार गेल्यानंतर त्याच्या कार्डाने एटीएममधून पैसे काढणं ही तर घराघरात होणारी चूक आहे. पिन माहीत असतो, खर्च समोर असतो, हेतू वाईट नसतो. पण मृत्यूनंतर ते पैसे वारसांचे होतात आणि एकाने परस्पर काढले की भावंडांत कायमचा वाद राहतो. मुखत्यारपत्रही मृत्यूबरोबर संपतं. खात्यावर वारसनोंद (नॉमिनेशन) असेल तर मृत्यूचा दाखला आणि स्वतःची कागदपत्रं देऊन वारसनोंदीत नाव असलेल्या व्यक्तीने रीतसर दावा करावा.

नोटा न मोजता काउंटर सोडणं

गड्डीवर बँकेची कागदी पट्टी आहे म्हणजे आत शंभर नोटा असतीलच, हे गृहीत धरू नका. काउंटरवरच मशीनवर मोजून मागा. मशीनचा आकडा ग्राहकाला दिसेल असा असतो, तिकडे बघा. मागे रांग वाढली, कॅशिअर घाई करतोय, म्हणून संकोचू नका. काउंटर सोडल्यावर गड्डीत दोन नोटा कमी निघाल्या तर ते सिद्ध करणं जवळपास अशक्य असतं.

नोट बनावट निघण्याचा धोकाही इथेच पकडायचा. तीच नोट तुम्ही पुढे कधी बँकेत भरायला गेलात आणि ती बनावट ठरली, तर बँक ती जप्त करते, त्याचे पैसे मिळत नाहीत, फक्त पावती मिळते. एका व्यवहारात अशा पाच किंवा जास्त नोटा सापडल्या तर बँकेला पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागतो. त्या तुम्हाला दुसऱ्याच बँकेतून मिळाल्या होत्या, हे तेव्हा कसं दाखवणार? फाटकी, खूप मळलेली किंवा चिकटपट्टी लावलेली नोटही तिथल्या तिथे बदलून घ्या.

रस्त्यावर

मोठी रोकड काढणाऱ्यावर पाळत बँकेच्या आतच सुरू होते. कुणीतरी बाकावर नुसतं बसलेलं असतं. बाहेर आल्यावर तुमच्या शर्टावर घाण पडलीय म्हणून सांगतं, दहा-वीसच्या नोटा जमिनीवर टाकून "तुमचे पैसे पडले" म्हणतं, गाडीचं चाक पंक्चर झालेलं असतं. या सगळ्याचा उद्देश एकच, तुम्ही पिशवी क्षणभर खाली ठेवावी. शर्ट घाण असू द्या. खाली पडलेल्या नोटा पडू द्या. स्कूटरच्या डिकीत रोकड ठेवून "पाच मिनिटांत भाजी घेतो" असं तर अजिबात करू नका, डिकी उघडायला त्यांना काही सेकंद पुरतात. बरोबर एक माणूस न्या, साधी पिशवी वापरा, थेट मुक्कामी जा आणि काढलेल्या रकमेबद्दल फोनवर रस्त्यात बोलू नका.

निवडणुकीची आचारसंहिता चालू असेल तर एक जास्तीची खबरदारी घ्या. त्या काळात भरारी पथकं आणि नाक्यावरची तपासणी पथकं गाड्या तपासतात, आणि पन्नास हजारांपेक्षा जास्त रोकड असेल तर कागद मागतात. पासबुकाची नोंद, पैसे काढल्याची पावती, ओळखपत्र आणि पैसे कशासाठी याचा एखादा कागद जवळ असेल तर प्रश्न तिथेच सुटतो. दहा लाखांच्या वरची रक्कम असेल तर आयकर खात्याला कळवलं जातं. रक्कम जप्त झालीच तर जिल्हा पातळीवरची तक्रार निवारण समिती असते, तिथे कागद दाखवून ती सोडवून घेता येते. कागद नसेल तर मात्र स्वतःच्याच पैशासाठी खेटे घालावे लागतात.

एटीएमवर भिस्त ठेवणं

कार्डाची रोजची मर्यादा असते, आणि मोठी रक्कम एटीएममधून काढायला निघणं म्हणजे वेळेचा आणि सुरक्षेचा दोन्हींचा अपव्यय. पण एक माहिती हाताशी असू द्या. पैसे न येता खात्यातून वजा झाले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने ते परत जमा करायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. एटीएमची स्लिप आणि मेसेज जपून ठेवा. बँकेने तक्रारीला तीस दिवसांत समाधानकारक उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला शुल्क लागत नाही.

काढल्यानंतर कायदा विसरणं

बँकेतून काढणं कायदेशीर आहे म्हणून ती रोकड कुणालाही कशीही देता येते असं नाही. दोन लाखांची ती अट इथे लागू होते, आणि दंड पैसे घेणाऱ्याला होतो, तोही घेतलेल्या रकमेइतका. म्हणून प्रामाणिक दुकानदार रोख नको म्हणतो तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

जमीन किंवा घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त विसार रोखीने घेता येत नाही. हातउसने पैशांनाही वीस हजारांचीच रेघ आहे, देताना आणि परत करतानाही. दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं असेल आणि करपात्र उत्पन्न नसेल तर उसने घेताना सूट आहे, पण ती सगळ्यांना लागू समजू नका. धंद्यातला खर्च एका दिवसात एका माणसाला दहा हजारांच्या वर रोख दिला तर तो खर्च म्हणून मान्य होत नाही. यातल्या बऱ्याच ठिकाणी आरटीजीएस किंवा डिमांड ड्राफ्टने काम भागतं. आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून दिवसरात्र चालू असतं. समोरचा "फक्त रोख" म्हणून अडून बसला असेल, तर तो का अडलाय हा प्रश्न त्याला विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर व्यवहारच सोडा.

अफवा ऐकून सगळं खातं रिकामं करणाऱ्यांसाठी दोन शब्द. बँकेवर निर्बंध येतात तेव्हा ते अचानक येतात. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. ही भीती खोटी नाही. पण घरात पंधरा लाख ठेवणं हे तिच्यावरचं उत्तर नव्हे. ठेव विमा फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत आहे, त्यात व्याजही धरलेलं असतं. तेवढी रेघ लक्षात ठेवून पैसे दोन-तीन बँकांत वाटून ठेवा. काढलेली रोकड लॉकरमध्येही ठेवू नका. लॉकरच्या करारात तो दागिने आणि कागदपत्रांसाठी आहे, रोकडीसाठी नाही, असं लिहिलेलं असतं.

शेवटी उरलेल्या रोकडीचं. काम रद्द झालं किंवा खर्च कमी झाला, तर उरलेले पैसे लगेच त्याच खात्यात भरा. आठ-दहा महिने कपाटात ठेवून मग भरलेली रक्कम आधी काढलेलीच आहे हे पटवून देणं कठीण जातं, आणि पटलं नाही तर ती अघोषित उत्पन्न धरली जाऊ शकते. एका वहीत तारीख घालून तीन ओळी लिहून ठेवा: किती काढले, कशावर किती गेले, किती उरले. पैसे काढल्याची पावती, बिलं आणि परत भरल्याची स्लिप त्याच पानाला टाचा.